दाराची पट्टी

"मॅडम, ही गाडी इथे नको, जरा मागे घ्या ना, जनरेटरच्या तिकडे."

डिसेंबरमधलं लग्न, नाशिकच्या गंगापूर रोडचं एक लॉन्स, संध्याकाळची वेळ आणि गेटपाशी गाड्यांची ही रांग. सांगणारा मुलगा असेल एकोणीस-वीसचा, अंगात काळा ब्लेझर, हातात लाल लाईटची कांडी. पुढच्या लाइनीत जागा होती, मी बघत होते ना, माझ्या पुढची पांढरी एसयूव्ही तिथेच लागली. काच खाली करून विचारलं, का रे बाबा, तर बिचारा ओशाळला आणि मागच्या दाराकडे हात करून म्हणाला, "ते लोंबतंय ना मॅडम, पुढं शूटिंग चालूये, ड्रोन आहे." मग कळलं. क्लीनर साइडच्या मागच्या दारावरची काळी पट्टी, ज्याला दुकानदार साइड बीडिंग म्हणतात, ती एका टोकाला कशीबशी धरून होती आणि दुसरं टोक खाली रस्त्यापासून वीतभरावर. काही न बोलता गाडी मागे नेली, केटररच्या टेम्पोशेजारी लावली, तिथे डिझेलचा आणि तळणाचा असा एकत्र वास, खडीवरून पैठणी सावरत मांडवात आले. अक्षता टाकल्या, जेवले, नवरीच्या आईला मिठी मारली, फोटो काढले. सगळं छान झालं. आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर डोक्यात काय, तर जनरेटरच्या तिकडे.

त्या पोरावर राग नव्हता. त्याला कंत्राटदाराने सांगितलेलं असणार, चांगल्या गाड्या पुढं, बाकीच्या मागं. तो ब्लेझर पण त्याचा नव्हता, बाह्या पार बोटांपर्यंत येत होत्या. मला एवढं का लागलं ह्याचाच राग जास्त होता. कारण पट्टी सुटायला लागलीये हे मला पावसाळ्यापासून माहीत होतं. कसाऱ्याचा घाट उतरताना मागून फट् फट् फट् असा आवाज आला, मला वाटलं टायर गेला, बाजूला घेऊन बघितलं तर टायर ठणठणीत आणि पट्टीचं मागचं टोक वाऱ्यावर आपटतंय दारावर. नवऱ्याने अंगठ्याने दाबलं, ते बसलं, आम्ही निघालो. मग रोज तेच. ऑफिसला पोचलं की उतरायचं, अंगठ्याने दाबायचं, जायचं. सवय होते माणसाला, मग ते दिसेनासंच होतं. दुसऱ्याला मात्र आधी तेच दिसतं.

गाडी २००९ च्या दिवाळीतली, एमएच १५. कर्ज काढून घेतलेली, हप्ते फिटले तेव्हा पेढे वाटलेले. २०२४ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पेठ रोडला आरटीओत जाऊन रीतसर पासिंग करून आणलं, पाच हजार फी, वर पर्यावरण कर, आणि पुढची पाच वर्षं मिळाली. इंजिन एका चावीत सुरू होतं, क्लच नवा आहे, एसी थंडगार. पण ह्यातलं काही कुणाला दिसत नाही. नातेवाईक गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि त्या पट्टीपाशी येऊन थांबतात, "आता काढून टाका हो." गंमत म्हणजे गाडी काढायला खरं कारण आहे आणि ते कुणीच सांगत नाही. आमच्या गाडीत एकही एअरबॅग नाही. २०१९ च्या जुलैपासून ड्रायव्हरपुढची एअरबॅग प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची झाली, आमची त्याच्या आधीची. मुलगी पुण्याहून फोनवर एवढंच विचारते, आई, हायवेला ही गाडी नेऊ नको ना. तिचं बरोबर आहे, समृद्धीला तर मी नेतच नाही, तिथे १२० ची मर्यादा आहे, मला माझीच छाती होत नाही. पण "काढून टाका" म्हणणाऱ्यांना एअरबॅगचं काही पडलेलं नसतं, त्यांना ते लोंबणं बघवत नाही.

प्लॅस्टिक म्हातारं कसं होतं हे बघायचं असेल तर गाडी उघड्यावर लावावी. आमच्या सोसायटीत कव्हर्ड पार्किंग लॉटरीने निघालं आणि आमच्या नशिबी आली कंपाउंडच्या भिंतीकडची जागा, दुपारी बारा ते पाच रणरणतं ऊन. काळीभोर पट्टी आधी करडी झाली, मग पांढरट, बोट फिरवलं की बोटाला खडूसारखी भुकटी लागायची. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा थर तुटत जातो आणि ती भुकटी म्हणजे तो तुटलेला थर. काळा रंग असतो तो काजळीचा, कार्बन ब्लॅक, ती ऊन अडवते म्हणून तर बाहेरचं प्लॅस्टिक काळं करतात, पण ती तरी किती वर्षं अडवणार. नवरा त्यावर खोबरेल चोळायचा. दोन दिवस चकाचक आणि तिसऱ्या दिवशी सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांची सगळी धूळ त्या तेलावर. २०२७ चा कुंभमेळा होईल तेव्हा होईल, तोवर नाशिकच्या प्रत्येक गाडीला विभूती फासलेली आहे.

तर पट्टी. आधी एका गॅरेजवाल्याने ती फेविक्विकने चिकटवून दिली होती. चिकटली, आणि पहिल्याच पावसात निघाली, निघताना दारावर पांढऱ्या धुरकट डागांची रांग ठेवून गेली. दुसरीकडे, पुढच्या दाराची पट्टी ढिली झाली तेव्हा, तिथल्या माणसाने सरळ ड्रिल लावून स्क्रू मारला होता. "ताई, आता गाडी जाईल पण पट्टी जाणार नाही." खरंच नाही गेली. पण स्क्रूच्या भोवती रंगाला फोड आला, बोटाने दाबला तर आतून चॉकलेटी पापुद्रा. रंग फोडून पत्र्यात भोक पाडलं, त्यात पाणी जाणार, गंज धरणार, साधी गोष्ट आहे. स्क्रू बघितला की काम पक्कं झाल्यासारखं वाटतं ना आपल्याला, घरात पण तसंच, काही हललं की ठोक खिळा.

नवी पट्टी घ्यावी म्हणून सारडा सर्कल ते द्वारका चौक अशी दुकानं पालथी घातली. एकजण म्हणाला मॉडेल बंद झालं. एकजण म्हणाला कंपनीतून मागवतो, पण एक पट्टी येत नाही, चार दारांचा सेट घ्यावा लागेल, ॲडव्हान्स द्या, कधी येईल सांगता येत नाही. पूर्वी असं काही लागलं की लोक अंबड लिंक रोडचा भंगार बाजार गाठायचे, तिथे गाडीचा कुठलाही अवयव मिळायचा असं नवरा अजून हळहळत सांगतो. महापालिकेने तो २०१७ ला उठवला, परत उभा राहिला, २०२५ ला परत उठवला. अनधिकृत होता, आगी लागायच्या, उठवला ते बरोबरच, पण ज्याला २००९ च्या गाडीची डावी मागची पट्टी हवीये त्याने जायचं कुठे. एका भंगारवाल्याने तर सगळी गाडीच घ्यायची तयारी दाखवली. वजनावर.

वजनावर म्हटल्यावर मला जरा चर्र झालं.

मी सातपूरला एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते, पत्र्याचे प्रेस पार्ट बनतात आमच्याकडे. इतकी वर्षं मी एन्ट्र्या करतीये, पास झालेला माल नगात जातो आणि रिजेक्ट झालेला किलोत. तोच पार्ट, तोच पत्रा, त्याच प्रेसमधून आलेला, इन्स्पेक्शनच्या टेबलावर कुणीतरी लाल खूण केली की त्याचा नंबर जातो, नाव जातं, ड्रॉइंग जातं आणि उरतं वजन. रोज टाइप करते पण ह्यात काही वाटण्यासारखं आहे असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी भंगारवाला गाडीच्या टपावर थाप मारून किलोचा हिशोब करायला लागला आणि मला वाटलं, अरे, ही नगात आहे अजून.

मग एका रविवारी मी पार्किंगमध्ये स्टूल टाकून बसले. बाई गाडीचं काही करतीये म्हटल्यावर आमच्या सोसायटीतला येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष थांबतो, हे मी शास्त्रीय सत्य म्हणून सांगते. दुधाची पिशवी घेऊन चाललेले थांबले, मिसळ खायला निघालेला ग्रुप थांबला, कुत्र्याला फिरवणारे थांबले, कुत्रा पण बसला. एम-सील लावा. सिलिकॉन लावा. रिव्हेट मारा. आमच्या मेहुण्याचं गॅरेज आहे पाथर्डी फाट्याला, त्याला फोन लावू का. एकाने तर पूर्ण काढूनच टाका, स्पोर्टी दिसेल, असा सल्ला दिला. सिलिकॉनवाल्यांचं ऐकलं असतं तर उद्या त्या दाराला रंग मारताना रंग धरला नसता, सिलिकॉनचा अंश राहिला की पेंटर डोकं धरतो, पण सल्ला देणारे निवांत असतात, त्यांना पुढे कुठे रंगवायचंय.

समोरच्या विंगमधले काका शेवटी आले. रिटायर्ड माणूस, कानटोपी, हातात पिशवी. अंबडला मोल्डिंगच्या कारखान्यात आयुष्य गेलं एवढंच मला माहीत होतं. ते काही बोलले नाहीत, हात पुढे केला, मी पट्टी दिली. तोवर ज्यांनी ज्यांनी ती बघितली होती त्यांनी वरून बघितली होती, काकांनी उलटी केली. चष्मा कपाळावर चढवला, डोळ्यांपाशी नेली आणि अंगठ्याने आतली धूळ पुसली.

"मार्च नऊ," म्हणाले.

मला वाटलं तारीख विचारतायत. तर त्यांनी मला दाखवलं. पट्टीच्या आतल्या बाजूला, नखाएवढा एक गोल. कडेने एक ते बारा आकडे, मध्ये एक बाण आणि बाणाच्या दोन बाजूंना शून्य आणि नऊ. बाण तीनवर. साच्यातच बसवलेली चकती असते ती, काका म्हणाले, महिना बदलला की मेंटेनन्सवाला स्क्रू ड्रायव्हरने बाण एक घर पुढे सरकवतो, वर्ष बदललं की मधला तुकडा बदलतो, म्हणजे पुढे कधी तक्रार आली तर कुठल्या महिन्याचा माल ते कळतं. शेजारी उलट्या-सुलट्या कंसात इंग्रजी अक्षरं, ती त्यांनी वाचली, पीपी टी वीस. "पॉलिप्रॉपिलीन, वीस टक्के टाल्क. पावडर लावतो ना आपण तोंडाला, त्यातलंच. त्याने माल ताठ राहतो." मग ठिपक्यांसारखे गोल दाखवले, साचा उघडल्यावर पिना पार्टला बाहेर ढकलतात त्यांच्या खुणा, आणि कडेला एक बारीक खरबरीत जागा, तिथून गरम प्लॅस्टिक आत आलं आणि थंड झाल्यावर ब्लेडने कापलं. "हे कापलंय हाताने बरं का, आणि घाईत कापलंय, शिफ्ट संपत आली असंल." पंधरा-सोळा वर्षं ही पट्टी माझ्या दारावर होती, मी तिला फडक्याने पुसत होते, अंगठ्याने दाबत होते, आणि तिला आतून एवढं सगळं लिहिलेलं होतं.

मार्च २००९. म्हणजे पट्टी आमच्या गाडीपेक्षा मोठी. त्या मार्चमध्ये आम्ही गाडी घ्यायची की नाही ह्यावर घरात नुसती चर्चा करत होतो. त्याच महिन्यात नॅनो बाजारात आली होती, एक लाखाची गाडी, आणि बाबा पेपर घेऊन मागे लागले होते, थांबा, ही घ्या, कशाला कर्ज काढता. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आम्ही शोरूमची पायरीसुद्धा चढलो नव्हतो आणि इकडे आमच्या दाराची पट्टी एका गरम साच्यातून बाहेर पडून, ब्लेडने छाटून, खोक्यात जाऊन पडलेली होती. काय सांगावं, विचित्र वाटलं.

नाशिकला बाहेरची माणसं येतात ती रामकुंड, काळाराम, त्र्यंबक, द्राक्षं आणि हल्ली वाइन ह्यासाठी. इथे राहणाऱ्याचं नाशिक अर्धं सातपूर-अंबडमध्ये असतं. सकाळी सातच्या आधी त्र्यंबक रोडला कंपन्यांच्या बसेस, दुचाक्यांची झुंड, पाठीला सॅक, आत डबा. महिंद्राच्या गाड्या इथे बनतात, बॉशचे इंजेक्टर बनतात, ज्याला गावात अजून सगळे मायकोच म्हणतात आणि सर्कलला पण मायको सर्कल, सीएटचे टायर बनतात, आणि ह्या मोठ्यांच्या मागे गल्लीगल्लीत आमच्यासारखे शेड, कुणी प्रेस, कुणी मोल्डिंग, कुणी प्लेटिंग. प्रत्येक सोसायटीत एक तरी माणूस असा निघतो की तुमच्या गाडीचा एखादा तुकडा त्याच्या हाताखालून गेलेला असू शकतो. आमची पट्टी काकांच्याच मशीनची होती का, तर तसं काही नव्हतं, मी विचारलं लगेच, मलाही कथा हवी होती. त्यांनी मान हलवली. "छे गं, आपला लोगो नाही हा. पण सारखीच असते."

फेविक्विकचं विचारलं तर काका म्हणाले त्याचा काही दोष नाही, ते ह्या कामासाठी नाहीच. श्रीखंडाचे डबे असतात ना पांढरे, खाली त्रिकोणात पाच लिहिलेले, तेच हे मटेरियल, ह्याला काही म्हणजे काही चिकटत नाही. कंपनीत आधी प्रायमर पुसतात, म्हणजे चिकट धरायला मदत करणारं द्रव, मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची टेप. प्रायमर न लावता काय चोपडाल ते फुकट. आणि मग त्यांनी ती गोष्ट दाखवली जी माझ्या डोक्यातून अजून जात नाहीये. पट्टीच्या दोन टोकांना क्लिपसाठी दोन भोकं होती. एक गोल आणि दुसरं लांबट, जोंधळ्याच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं, आडवं. मला वाटत होतं ते झिजून लांबट झालंय, म्हणूनच पट्टी ढिली झाली. काका म्हणाले नाही, डिझायनरने मुद्दाम केलंय. ही पट्टी मीटरभर लांब, ऊन लागलं की वाढते, थंडीत आखडते, आणि दाराच्या पत्र्यापेक्षा सहापट-आठपट जास्त. डिसेंबरच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत धरलं तर तीन-चार मिलीमीटरचा खेळ, पत्रा बिचारा अर्धा-पाऊण मिलीमीटर. म्हणून एका टोकाला गोल भोक, तिथे पक्की, आणि दुसऱ्या टोकाला लांबट, तिथे तिने सरकायचं. "दोन्हीकडे आवळली तर मधून फुगंल, नाहीतर क्लिप मोडंल. त्या पुढच्या दाराला स्क्रू मारलाय ना कुणीतरी?" मारलाय की. आणि खरंच, पुढची पट्टी उन्हात मध्येच धनुष्यासारखी उचललेली असते. मी रोज बघत होते आणि गाडीच वाकडी झाली असं समजत होते.

काम काही लगेच झालं नाही. जानेवारी होता, निफाडचा पारा घसरल्याची बातमी रोज पेपरात, कुंदेवाडीला एवढे अंश, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या, आणि नाशिकमध्येही सकाळी पारा दहा अंशांच्या आत-बाहेर. काका म्हणाले दहाच्या खाली टेप धरतच नाही, दुपार होऊ दे, पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे. जुनी टेप काढायला ब्लेड घेतलं तर हातावर चापट मारल्यासारखं केलं त्यांनी. दोरा आण. संक्रांत नुकतीच झालेली, गच्चीवर पोरांचा साधा मांजा पडलेला होता, तो फोमात फसून तुटला. नायलॉनच्याने झालं असतं पण तो घरात नाही आणि नसलेलाच बरा, दर वर्षी कुणाचा तरी गळा कापल्याची बातमी येते. शेवटी मी बाथरूममधून डेंटल फ्लॉस आणला. नवऱ्याने हेअर ड्रायर धरला, एक्स्टेन्शन वॉचमनच्या केबिनमधून, मी दोन बोटांना फ्लॉस गुंडाळून फोमच्या मागून करवतीसारखा ओढत गेले. करडा फोम आधी ताणतो, मग त्याचे तंतू सुटतात, मग गोळ्या होतात, त्या अंगठ्याने चोळत चोळत काढायच्या. अंगठ्याचं टोक हुळहुळं होतं आणि नखात काळं जातं. फार समाधान असतं ह्या कामात, मटार सोलण्यापेक्षा जास्त.

आणि फोम गेल्यावर खालचा रंग दिसला.

आम्ही गाडी घेतली ती वाइन रेड. गेली काही वर्षं कुणी विचारलं तर मी नुसतं लाल सांगते, मधे एकदा इन्शुरन्सवाल्याने मरून लिहिलं तर मी दुरुस्त पण केलं नाही. त्या पट्टीखाली चार बोटं रुंदीचा जो पट्टा होता तो वाइन रेड होता. ओला वाटावा इतका गडद, आत चांदीची चमक. त्याच्या वर आणि खाली पसरलेला रंग बघवत नव्हता, म्हणजे रोज बघत होते तोच रंग, पण आता शेजारी खरा ठेवला होता. नवरा म्हणाला, "बघ, हा रंग आवडला म्हणून तू चार महिने वेटिंग केलेलंस." मी विसरले होते.

साफ करायला मी कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर आणलं, ते काकांनी वास घेऊन परत दिलं. त्यात ग्लिसरीन असतं, हात मऊ राहायला, ते पत्र्यावर राहिलं की टेप घसरली. एमजी रोडला मोबाईल रिपेअरिंगवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, निम्मं पाणी घालून पुसलं. मग काकांनी ओंजळभर पाणी दारावर सोडलं आणि वाकून बघत बसले. पाण्याचे थेंब थेंब झाले म्हणजे पॉलिश किंवा तेल शिल्लक आहे, पाणी पसरून एकसारखा पडदा झाला म्हणजे साफ. आमचे थेंब झाले. खोबरेलाची कृपा. परत पुसलं, परत पाणी, तिसऱ्यांदा पडदा झाला. पट्टीला आतून प्रायमर, तो पातळ असतो पाण्यासारखा आणि वास असा की कुत्रेवाले निघून गेले, मग टेप, लाल कागद असलेली. आधी गोल भोकाची क्लिप टक् करून बसवली, लांबटवालीत क्लिप मधोमध ठेवली, म्हणजे दोन्हीकडे सरकायला जागा. रेषा चुकू नये म्हणून वर मास्किंग टेप लावून ठेवली होती. लाल कागद ओढत ओढत मागे, आणि मागोमाग अंगठा.

तो अंगठा काकांनी लावला. मी लावणार होते, पण त्यांनी पिशवी खाली ठेवली, कानटोपी काढली, गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, "मी करू का?" मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, थोडं थोडं, अंगाचं वजन टाकून दाबत गेले. दाबून झाल्यावर तिथेच बसून राहिले जरा वेळ. मग म्हणाले, इतकी वर्षं मशीनवर काढली, असल्या पट्ट्या किती काढल्या त्याचा हिशोब नाही, मिनिटाला एक पडायची, हाताला गरम लागायची, कड कापायची, टेप लावणारे पुढच्या टेबलावर, पॅकिंगवाले त्याच्या पुढे, खोकं भरलं की गाडीत. "गाडीवर लावली नव्हती कधी." काकांकडे अजूनही चारचाकी नाही, बायकोला दवाखान्यात न्यायचं असलं की रिक्षा बोलावतात. हे त्यांनी काही दुःखाने वगैरे सांगितलं नाही, उलट पट्टीच्या टोकाला नख लावून गॅप बघत होते तेव्हा बोलता बोलता सांगितलं. मला मात्र पुढे काय बोलावं सुचेना, मी चहाला वर चला म्हटलं.

टेपला पूर्ण जोर यायला बहात्तर तास लागतात, वीस मिनिटांत निम्मा, दिवसभरात नव्वद टक्के, बाकीचा पुढे सावकाश. तोवर धुवायची नाही, दार आपटायचं नाही. आधाराला आडव्या मास्किंग टेपच्या पट्ट्या मारून ठेवल्या होत्या, गाडी बँडेज बांधल्यासारखी, तर लिफ्टमध्ये दोघींनी काळजीने विचारलं, कुठे ठोकली हो, लागलं नाही ना कुणाला. पुढच्या दाराचा स्क्रू पण काढलाय, भोकाचा गंज घासून, प्रायमर मारून ठेवलाय, ती पट्टी जरा ऊन वाढलं की करू असं काकांचं म्हणणं आहे. तोवर त्या दाराला पट्टी नाही, आणि बाकी सगळी गाडी फिकट असताना मधोमध एक वाइन रेडचा पट्टा घेऊन मी सातपूरला जाते-येते. सिग्नलला लोक बघतात. स्पोर्टी म्हणाले होते ते गृहस्थ, त्यांना ते फार आवडलंय.

एक झालंय मात्र. काकांची नजर सुटलीये. सकाळी दूध आणायला उतरतात ते पार्किंगमधून येतात आता, एकेका गाडीपाशी थांबत, बंपरच्या कडा, चाकावरची कमान, दाराची बीडिंग, बोट फिरवत. परवा आमच्या चेअरमनसाहेबांची नवी गाडी आली, अजून सीटवरचे प्लॅस्टिक काढलेले नाहीत, बॉनेटवर हार, टायरखाली लिंबं. पेढे वाटणं चालू होतं. काका पेढा तोंडात टाकून मागच्या चाकापाशी वाकले, कमानीत करंगळीचं नख घातलं आणि म्हणाले, "इथं दोन एमएमचा गॅप आहे बघा, त्या बाजूला नाही. क्लिप नीट बसली नाहीये." चेअरमन हसत म्हणाले, "काका, नवीन गाडी आहे ओ, कालच शोरूममधून आणली."

"हो ना, म्हणून तर सांगतोय," काका म्हणाले, "वॉरंटीत आहे तोवर करून घ्या."